रेघ

गिरणीच्या दाराशी, आतल्या बाजूला, भिंतीवर तांबडी रेघ आहे.
पाच साली पाणी ओसरल्यावर मीच ओढलेली.
शटर रंगवून डब्यात बोटभर ऑइलपेंट उरला होता.
शेजारी साल घालायचं राहून गेलं,
पण रेघ कशाची, हे सांगलीत कुणी कधी विचारलं नाही.

चौदा वर्षं तिनं काम केलं.
नवी मोटर बसवली ती तिच्या वर दोन वीत, चौथरा बांधून.
शिराज बागवाननं केळी पिकवायच्या खोलीचा माळा
नळीत पाणी भरून, तिच्याशी पातळी लावून, घेतला.
कुणी गव्हाचं पोतं ठेवायला आलं
की पद्मल आतूनच विचारायची,
रेघेच्या वर आहे ना? मग असू दे.

एकोणीसच्या ऑगस्टात दोन दिवस लाइट नव्हती.
दळण अर्धं पाळीत, अर्धं डब्यात, माणसं बाकावर.
वेळ जाईना म्हणून पैज लावली:
कुठवर येईल ते ज्यानं त्यानं सांगायचं, हरेल त्यानं चहा.
उधारीच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहीत गेलो.

नेमगोंडा मगदूम: रेघेच्या खाली चार बोटं.
शिराज: टेकंल, पर वर न्हाई.
बँकेतले करमरकर म्हणाले, वर वीतभर.
सगळे हसले.
मग तेच म्हणाले, बरं, तीन बोटं लिहा.

घाटाकडं जाऊन कुणी पाणी बघून आलं नाही.
आम्ही भिंतीकडं बघत होतो.
नगरपालिकेची गाडी कर्णा लावून गल्लीतून गेली,
सामान हलवा, सामान हलवा,
तेव्हासुद्धा.

रेघ बुडाली ती बघायला कुणी नव्हतं.
आम्ही विश्रामबागेत, शाळेच्या चौथीच्या वर्गात,
बाकं जोडून झोपलेलो.
नंतर चिखलाच्या डागावरून मोजलं.
पद्मल स्टुलावर चढली, टेप धरला,
आणि आकडा न सांगताच खाली उतरली.

दिवाळीच्या आधी मोटर गुंडाळून आली, दळणं सुरू झाली.
नेमगोंडा म्हणाला, मी तवाच म्हनत हुतो, औंदा रेघंचं काय खरं न्हाई.
शिराजच्या पोटात तर
कोयनेचा आकडा ऐकल्यापासूनच गोळा आला होता.
करमरकर चष्मा पुसत म्हणाले,
पुरुषभर म्हटलं होतं मी, तुम्ही हसलात.

यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं.
खोटं बोलणारा माणूस जरा इकडंतिकडं बघतो.
हे सरळ माझ्याकडं बघत होते.

मला आतून गुदगुल्या.
वही होती ना माझ्याकडं!
माळ्यावरच्या पिशवीत, ओल धरलेली, पानं चिकटलेली,
पण बॉलपेन टिकतं.
सुरीच्या पात्यानं पान सोडवलं.
चार बोटं. टेकंल. तीन बोटं.
आणि सगळ्यात खाली, माझ्याच अक्षरात:
मी, रेघेच्या बरंच खाली. माझ्याकडून दोन चहा.

मला तर पक्कं आठवत होतं,
त्या रात्री मी उठून बसलो होतो,
म्हणालो होतो, पद्मल, मोटर हलवू या.
तिला विचारलं.
ती पीठ चाळत होती. चाळण थांबली नाही.
तुम्ही? तुम्ही म्हणालात, झोप आता, रेघ आहे.

वही परत पिशवीत घातली. कुणाला दाखवली नाही.
सगळ्यांना चहा सांगितला.
शिराजनं विचारलं, कशाचा वं?
म्हटलं, असाच.

परवा चौथरा वाढवायला गवंडी आला.
थापी हातात, ओळंबा खांद्यावर.
किती उंच घेऊ, मालक?
मी काही बोललो नाही.
हातच वर गेला,
चिखलाच्या डागाला टेकला,
आणि तिथून वर
दोन वीत मोजायला लागला.