वेळअमावास्या, हजार फुटांवरून

कारखान्यामागची धावपट्टी
एका जुन्या चेअरमनच्या हौसेची.
त्यांचं विमान दोनदाच उतरलं म्हणतात.
नंतर तिथं तूर वाळायची,
पोरं मोटारसायकल शिकायची. मीही तिथंच शिकलो.

आज तिच्यावर दोन विमानं.
पिवळं बसवराजचं,
बोअरच्या मोटारी भरता भरता
सात वर्षांत त्यानं एकेक भाग जमवून जोडलेलं.
दुसरं मुजीबभाईंचं. जरा जुनं, पण कागद पक्के.

धुकं उठेना.
कुंदाबाईंनी थर्मासमधला चहा चौघांत वाटला,
मुजीबभाईंनी कापडातून पेट्रोल गाळलं,
घरात दूध गाळावं तसं, झाकण मुठीत धरून.

"वजन सांगा," बसवराज म्हणाला.
मी ऐंशी सांगितलं.
त्यानं ऐकून घेतलं, आणि काल माझ्याच आडतीवरून
मागवलेला काटा पायानं पुढं सरकवला.
ब्याण्णव.
तीस वर्षं लोकांची पोती तोलली,
मापात पाप केलं नाही,
आणि सापडलो तो स्वतःच्याच मापात.
तेवढं पेट्रोल त्यानं कमी भरलं. हसला नाही.

इंजिन लागलं तसे दात, चष्मा, गुडघे
एका सुरात थरथरायला लागले.
दोन शेळ्या अगदी शेवटाला बाजूला झाल्या.
खडखड, खडखड, खडखड,
आणि मग खडखड नाही.

एवढंच.
उडताना नवीन काही येत नाही,
एक आवाज तेवढा वजा होतो.

डाव्या हाताला लांब लातूर.
गंजगोलाई ओळखू येते का बघितलं. नाही आली.
बायपासवर एक टँकर, आणि त्याची सावली.
बाकी सगळं शहर शिवारात सांडलेलं:
ज्वारीत माणसं, हरभऱ्यात माणसं,
करडईच्या पिवळ्याला लागून लाल, जांभळी लुगडी,
कडब्याची खोप इथं, खोप तिथं,
प्रत्येक खोपीला स्वतःचा धूर,
आणि वारा नसल्यानं सगळे धूर सरळ,
जणू जमीन खालून कुणी दोऱ्यांनी वर टांगली होती.

रेडिओत खरखर. कुंदाबाई, दुसऱ्या विमानातून:
"मांजरा बघा. मांजरा.
तीस वर्षं पोरांकडून नकाशात निळी रंगवून घेतली.
ही तर ताकाच्या रंगाची आहे."
मग बराच वेळ नुसती खरखर.
मुजीबभाई त्यांना एक वळण जास्तीचं देत होते,
ते आम्हाला दिसत होतं.

घरी मी सांगितलं होतं,
हिशेब राहिलाय, बारापर्यंत येतो शेतात.
आता शेतच खाली आलं.
चिंच ओळखली, मग निळी टाकी,
मग चिंचेखाली पसरलेली पांढरी चादर
आणि तिच्याभोवती मुंगीएवढे माझे सगळे.
त्यातली अनसूया कोणती, ते हजार फुटांवरून कळेना.
लग्नाला एकतीस वर्षं.
बसवराजला काही बोललो नाही,
त्यानंच विचारलं, "तुमचं का?"
आणि विमान डावीकडं झुकवलं, मग उजवीकडं,
मान डोलवावी तसं.
खाली एक हात वर झाला. मग चार-पाच.

साडेबाराला मी चिंचेखाली पोचलो.
भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील,
माझं ताट ताटानं झाकलेलं.
धाकटी ओरडली, "बाबा, इमान आलतं!
अन् पंख हलवले बगा, वळखीचं असल्यागत."
"हो का," मी म्हणालो, आणि आंबिलीत मिशा बुडवल्या.
कानात अजून इंजिन चालूच होतं,
त्यामुळं मी जरा मोठ्यानंच म्हणालो असेन.

अनसूया उंडा वाढायला वाकली.
थांबली. माझा हात उचलून तिनं हुंगला.
पेट्रोल.
आभाळाकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं,
आणि उंडा परत टोपलीत ठेवला.

"हात धुऊन या," म्हणाली.
मी धुऊन आलो.
"पुन्हा."