व्हॉल्व्हचं भोक

ग्रिम्सबीच्या संध्याकाळच्या वर्गात
हेडली स्टब्ज सायकलची रिम घेऊन आला,
आरे काढलेली, घासून लख्ख.
बाहेर गोदीवरून मासळीचा आणि बर्फाचा वास,
आत फळ्यावर माझं वर्तुळ,
जे बारा वर्षांत एकदाही गोल आलेलं नाही.

म्हटलं, बरं झालं, द्या इकडे.
समजा, हिच्यावर प्रभार पसरलाय, सगळीकडे सारखा,
कुठे चिमूट कमी नाही, कुठे जास्त नाही.
डोळे मिटा.
रिम फिरवली, थांबवली.
उघडा. सांगा, किती फिरली?

कुणालाच सांगता येईना.
मग तुम्हाला जे कळलं नाही
ते मधल्या बिंदूला कसं कळावं?
तो कुणाची बाजू घेणार?
इकडच्या प्रत्येक ढकलण्याला
समोरून तेवढंच उत्तर.
म्हणून शून्य. आकडेमोड न करता.
(खरं तर एवढ्यासाठीच मी हे शिकवते.
पानभर इंटिग्रेशन वाचतं
आणि उत्तर तरीही खोटं नसतं.)

"मला कळलं किती फिरली," हेडली म्हणाला.
"भोक खिडकीकडे होतं. आता दाराकडे आहे."

वर्ग हसला, मीही.
तीस वर्षं बोटींची पोटं वेल्डिंगने सांधलेला माणूस,
तो आधी भोक बघणार, मग लोखंड.

मार्कर त्याच्या हातात दिला: मग आता मधे काय?

बराच वेळ तो पाठमोरा.
आधी अख्खं वलय काढलं, भोक बुजवून.
त्याचं शून्य.
मग बुजवलेलं तेवढं वजा केलं
आणि मधून एक बाण ओढला,
थेट भोकाकडे.

"म्हणजे जे आहे ते आपापसात मिटलं,
आणि जे नाही तेच ओढतंय?"

ओढत नाही, मी म्हटलं, मास्तरकीच्या सवयीने.
समोरचा तुकडा ढकलतोय.
त्याला अडवायला इकडे कुणी उरलं नाही, इतकंच.

"हो," तो म्हणाला. "तेच म्हणतोय मी."

सूत्रात त्याने त्रिज्येचा वर्ग विसरला होता.
मी लाल खूण केली नाही.

साडेआठला रिम खांद्यात अडकवून
तो क्लीथॉर्प्सच्या बसला उभा राहिला.
काचेतून तेव्हा लक्षात आलं,
रिम लहान होती,
त्याच्या उंचीच्या माणसाची नव्हेच.