पान एकसष्ट

एका फेरीत तीन पानं होतात.
ओहोटीला साडेतीन,
कारण बोट गाळ चुकवत लांबून जाते.
दाभोळ ते धोपावे, धोपावे ते दाभोळ,
मध्ये वाशिष्ठी, आणि माझ्या मांडीवर
वाचनालयाचं पुस्तक, खाकी कव्हरातलं.

यंदा मी सुधारायचं ठरवलं होतं.
संपलेल्या तिकीटबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहिलं:
पाचला उठणे.
तंबाखू बंद.
आवाज न चढवणे, विशेषतः सुट्ट्या पैशांवरून.
पुठ्ठा खिशात घामाने मऊ पडला, शाई पसरली.
पहिली ओळ आता वाचता येत नाही,
त्यामुळे साडेसहालाही चालतं.

लेकीने फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली.
एक माणूस कानात बोलतो, इस्त्री केलेल्या आवाजात:
समोरच्याचं ऐकताना
मनात उत्तर जुळवत बसू नका.
तेवढ्यात समोर सुक्या बोंबलांची बाई उभी,
"दोन टोपल्यांचा एक तिकीट नाय का व्हनार, भाऊ?"
मी म्हणतो, "काय?"
तीनदा.
दुसरा कान इंजिनाने केव्हाच नेलाय.

दाऊद खतीब काही वाचत नाही.
परवा त्याने माझा हात धरून
इंजिनाच्या पत्र्यावर ठेवला.
"ऐक."
गडगड, म्हटलं.
"गडगड नाय रे. तिच्या खालती."
अर्धी खाडी संपली तेव्हा कुठे
हाताला लागला एक बारीक खोकला,
चार ठोक्यांआड एक.
"नोझल," तो म्हणाला. "मंगळवारपासून."
मंगळवारपासून मी त्याच पत्र्याला टेकून
प्रकरण चौथं वाचत होतो,
एकाग्रतेचं.

पान एकसष्टवर छापलंय:
राग आला की दहापर्यंत मोजा.
शेजारी कोणीतरी शिसपेन्सिलीने,
फार दाबून न लिहिलेलं:
चाळीसपर्यंत मोजलं. तरी बोललेच.
अनुस्वार टिंबाचे नाहीत,
बारीक शून्यं काढलेली, पोकळ.

त्या दिवशी पुढची पानं झाली नाहीत.
गेल्या शिमग्यात, पालखी अंगणात असताना,
मी भावाला जे बोललो ते बोललो.
तो अजून फोन करतो, वहिनीच्या नंबरवरून.
मोहोर कसा आहे विचारतो.
मी सांगतो, बरा आहे.
मोहोर बरा नसला तरी.

कोण असेल ही?
शेवटच्या चिठ्ठीवर नुसत्या तारखा, मोजून सात.
बोटीत चढणाऱ्या एकेका बाईकडे
मी आठवडाभर पाहिलं,
आणि तिकीट देताना, का कोण जाणे,
ती काय म्हणते ते पहिल्याच वेळी ऐकू आलं.
शनिवारी खाली लिहिलं:
मी धोपावे येईपर्यंत मोजले. तरी.

पुस्तक परत करताना मेहेंदळेबाईंनी
ते नेमकं तिथेच उघडलं.
चष्मा वर केला. खोडरबर पुढे सरकवला.
मी माझी ओळ खोडली,
भुसा फुंकला.
वरच्या ओळीकडे वळलो तर
त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.
"ती असू दे."

मग त्या पावती लिहू लागल्या,
मान खाली, सावकाश.
एक नजर टाकली असती तर कळलं असतं
अनुस्वार कसे काढतात ते.
धक्क्यावरून दाऊदने भोंगा दिला.
पावती न बघता घडी घातली,
पुठ्ठ्याशेजारी ठेवली
आणि निघालो.