खोली नंबर नऊ

सीपीआरच्या तळमजल्यावर, जिथं भिंत बारमाही ओल धरते,
मी अकरा वर्षं हाडांचे फोटो काढतो.
माणसं येतात गारगोटीहून, बाजारभोगावहून, कागलच्या पलीकडून,
धोतर वर सरकवतात, लुगड्याचा काठ मुठीत धरतात,
आणि मला आधी हाड दिसत नाही,
दिसतो तो पिवळा रंग.
कुणाचा गुडघा असा, की गडी
पट्टणकोडोलीच्या जत्रेतून थेट इथंच आलाय.
कुणाची टाच, कुणाचं कोपर.
चादरीवर डाग, कॅसेटच्या कडेला डाग,
शेवटी दारावर मीच कागद चिकटवला:
लेप धुऊन आत यावे.

हौसाबाई सातपुते. सुभाषनगर. वय अंदाजे अठ्ठावन्न.
उजवा अंगठा एरंडाच्या पानात गुंडाळलेला,
वरून चामड्याच्या वादीची गाठ.
"धुऊन या," मी म्हटलं, मान वर न करता.
"धुती की. पर आदी सांग,
तुजं मशीन हळदीला भितंय व्हय?"
रांग हसली. मी नाही हसलो.

पान सुटलं, तर आत पिवळं नव्हतंच.
लाल होतं, वाळलेलं, कडेनं तडकलेलं.
मला वाटलं, रक्त.
"चुना घाटलाय त्यात.
पळीत गरम केली, चुन्याची गाठ पडली की हळद लाजती.
लग्नात लावली तवा नुसती पिवळीच व्हती बग."
आणि अंगठा पुढं केला,
जसा एखादा अंगठा उठवायला पुढं करावा.

चाळीस वर्षं त्या अंगठ्यानं चपलांच्या वेण्या घातल्या.
वादी ओली करायची, ओढायची, तिच्याखालून दुसरी,
घट्ट, आणखी घट्ट,
म्हणजे गिऱ्हाईकाच्या पायात ती कर्र वाजते.
वाजणाऱ्या चपलेला पैसे जास्त.
वाजणाऱ्या अंगठ्याला कोण देतो?

हळद फिल्मवर येत नाही.
चुना येतो, धुक्यासारखा,
कारण हाड म्हणजे तरी दुसरं काय.
म्हणून धुवायला सांगतो आम्ही,
पण हे मी त्यांना सांगितलं नाही.
नळावर त्यांनी अंगठा चोळला, लाल गेलं,
खाली जुनं, मुरलेलं पिवळं राहिलंच.
फोटो स्वच्छ आला.
अंगठ्याच्या मुळाशी दोन हाडं
मधली फट संपवून बसलेली.

साहेबांनी एक शब्द लिहिला: झीज.
आणि गोळ्या, जेवणानंतर.
त्यांनी कागद पिशवीत टाकला, पान पुन्हा बांधलं,
गाठ मारायला दात वापरले.
"गोळीनं पोट जळतंय.
हळदीनं काय बरं हुईत न्हाई, कळतंय मला.
ऊब राहती. रात सरती.
आन ह्यो मेला ठणकतोय रातीचाच."

हे चैत्रातलं.
आषाढात माझं मनगट गेलं.
अकरा वर्षं बगलेत हात घालून माणसं टेबलावर चढवली,
ती सगळी एकदम उतरली म्हणा ना.
पट्टा बांधला, मलम लावलं, मशीनखाली हात ठेवून
स्वतःचाच फोटो स्वतःच काढला.
मग एका संध्याकाळी लक्ष्मीपुरीत सुट्टी हळद घेतली,
आणि बावड्याच्या चौकात पानपट्टीवर थांबलो.
"नुसता चुना? पान नको? तंबाखू?"
नुसता चुना.

बायको झोपली होती. पळी कुठं असते ते मला ठाऊक नव्हतं,
डब्यांचा आवाज झाला, ती उठली,
काही बोलली नाही, पळी दिली.
गॅसवर हळद काळपट झाली, चुना पडला,
आणि खरंच, क्षणात लाजली.

दुखणं गेलं का? नाही.
तीनच्या सुमारास कधीतरी डोळा लागला, इतकंच.

सकाळी रजिस्टरवर तारीख घालताना
मनगटाखालचं पान पिवळं झालं.
दारावरचा कागद अजून तिथंच आहे.
पहिला पेशंट तो वाचतोय,
बोटानं, एकेक अक्षर,
आणि नळ कुठं आहे विचारतोय.