नववं माप

वेंगुर्ल्यात दाभोली नाक्याजवळ आमचं दुकान:
एक मशीन, एक बाक, आणि मापांची वही,
जिच्या पुठ्ठ्याला बाबांनी एसटीच्या सीटचं रेक्झीन लावलं होतं.
आजगावकरांचं पान त्यात वेगळं.
काजूफॅक्टरीवाले, घरात माणसं आठ,
चतुर्थीच्या आधी सगळ्यांचे कपडे एकदम.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी वही उघडली
की आठ ओळींखाली नववी ओळ असायची.
नाव नाही. पेन्सिलीचे आकडे,
बोट लावलं तर ओले, जिभेला खारट.
पहिल्या वर्षी छाती तेरा इंच.
बाबांनी झबलं शिवलं. मग सदरा, मग शर्ट.
आजगावकरांकडे मुलगेच होतात,
सगळा गाव सांगायचा, बाबांनाही तेच ठाऊक.

मी विचारलं तर दातांत दोरा धरून म्हणायचे,
"माप इला म्हणजे माणूस आसा.
इचारूचा नाय, शिवूचा."

ते माप माझ्याहून एका वर्षाने लहान.
माझे जुने फ्रॉक त्याला झाले असते,
हे मला तेव्हा सुचलं नाही.

नऊ पुडकी जायची. बिल नऊंचं.
थोरले आजगावकर चष्मा काढून पैसे मोजायचे
आणि पावती घ्यायचे नाहीत.

गणपती गेले की नववं पुडकं परत आमच्या पायरीवर.
सुतळी तीच, गाठ बाबांचीच,
घडी न मोडलेली, कॉलरीत चिमूटभर वाळू.
बाबा ते शर्ट पेटीत ठेवायचे, एकावर एक.
पेटीजवळ झोपलं की रात्री आतून भरती ऐकू यायची.
आई म्हणायची, उंदीर.

एकोणीस वर्षं.

बाबांना दिसेनासं झालं तशी वही माझ्याकडे आली.
पौर्णिमेला मी नववी ओळ वाचली.
छाती. कंबर. दोन्हीमधला फरक.
मग मागची पानं उलटत गेले.
आकडे केव्हापासून सांगत होते.
तेराव्या वर्षी तर खोडून पुन्हा लिहिलेले,
इतक्या जोरात की कागद फाटलेला.

मी निळं वॉयल कापलं.
ब्लाऊज शिवला, गुंडीपट्टी दुसऱ्या बाजूला,
बाहीला बारीक लेस,
आणि आत, कुणाला दिसणार नाही असा, एक खिसा.

गणपती गेले. पायरी रिकामी.
दसरा गेला.

कोजागिरीनंतर फॅक्टरीच्या मागच्या आवारातून जात होते,
जिथं टरफलांच्या धुराने भिंती काळ्या पडल्यात.
बाया बोटांना राख लावून काजू फोडत होत्या,
एकीनेही मान वर केली नाही.
तारेवर निळा ब्लाऊज वाळत होता.
त्याचं पाणी ठिबकत होतं
आणि खालची माती मिठाने पांढरी होत होती.

तारेखाली रेवतीकाकू, थोरल्यांची बायको,
चार मुलगे झालेली, आणि पाचवं
"मेलेलांच इला" असं गाव सांगतो ती.
बाहीच्या शिवणीवरून बोट फिरवत होती.
मला बघून दचकली नाही.
"बरो शिवलंस," म्हणाली.
"बाहीत वायच घट्ट बसता म्हणता."

मी पिशवीतून वही काढली,
पेन्सिल जिभेला लावली.
"काकू, नाव काय लिहू?"

काकूंनी बाजूला वळून बघितलं,
आपल्याच खांद्याएवढ्या उंचीवर,
आणि ऐकत राहिल्या.