तळाशीलची पोथी

श्रावणात होड्या वाळूवर असतात, माणसं देवळात.
एका हाकेवर खाडी, दुसऱ्या हाकेवर दर्या,
मधल्या पट्ट्यावर आमचं गाव,
आणि गावात मी,
पोस्टातून सुटलेला, म्हणून पोथी माझ्याकडे.
अजूनही मला पोस्तमनच म्हणतात.

सातव्या अध्यायात पाणी आलं.
भवसागर आला, देहाचं तारू आलं,
नामाचं शीड, गुरू तांडेल,
आणि पलीकडे कुठेतरी पैलतीर.
मी चष्मा कपाळावर चढवला,
माझ्या बापासारखा, आणि अर्थ सांगू लागलो :
सागर म्हणजे हा सागर नव्हे.
तारू म्हणजे तारू नव्हे.
तीर म्हणजे

"आणि वारो म्हणजे?"
खांबाला टेकून जाळं सांधत बसलेला बाबल खवणेकर.
वारा म्हणजे वासना, मी म्हटलं.
"ता कळला. पण मतलय की खारो?"
पोथीत नुसतं 'वारा' होतं.
मी बोटाने ओळ पुन्हा चाचपली.
"लिवणारो दर्यात गेलेलो नसतलो," बाबल म्हणाला,
आणि दाताने दोरा तोडला.
बायका पदर तोंडाला लावून हसल्या.
मीही हसलो. थोडा उशिरा.

भागू मेथरीण हसली नाही.
ती समईशी बसलेली, वाती वळत.
म्हणाली, "पैलतीर खंय असा, पोस्तमन?
दर्यात जाता तो परत येवकच जाता.
माशे भरले की ह्योच तीर,
नाय भरले तरी ह्योच.
पलीकडे जावचा म्हणान कोण होडी लोटता?"

देऊळ गप्प.
बाहेर दर्या आपला वाळूशी काहीतरी बोलत होता,
त्याचा मात्र अर्थ कुणी विचारला नाही.

मला अर्थ लावायची सवय जुनी.
तीस वर्षं दारोदार पत्रं वाचून दाखवली.
'इकडील सर्व क्षेम' म्हणजे क्षेम नसतं,
'सवडीने ये' म्हणजे उद्याच ये,
हे मला अक्षरांच्या वळणावरून कळायचं.
फक्त 'पैसे पाठव' याला दुसरा अर्थ कधी सापडला नाही.

आणि एकदा मालवणहून तार आली होती, मेथरांच्या घरी.
सायकल कुंपणाला लावून मी उभा.
बोट मिळाली. माणूस नाही.
चार शब्द. आणि मी त्यांचा विस्तार करू लागलो :
भागू, शोध चालू आहे, गोव्याकडे वाहत गेला असेल,
नाही म्हणजे अजून सापडला नाही,
नाही म्हणजे

तिने हातातला कोयता खाली ठेवला.
"लिवलंला असा तां वाच."

मी वाचलं.

तेव्हापासून ती वाती वळते,
मी अध्याय वाचतो,
आणि त्या तारेबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
पण त्या संध्याकाळी 'तीर' या शब्दापाशी
माझं बोट थांबलं ते थांबलंच.
वासू मेथर त्यावर उभा होता की नाही,
हे कुठल्याच टीकेत नव्हतं.

मग मी चष्मा खाली ओढला
आणि उरलेला अध्याय नुसता वाचला.
सागराला सागर म्हटलं, नावेला नाव.
'नाव' म्हणजे होडी
की पाळण्यात कानाशी सांगतात ते,
हेसुद्धा सांगितलं नाही.
ऐकणाऱ्यांना दोन्ही ऐकू येत असावं,
कारण एका जागी भागूची वात
वळायची थांबली,
आणि बाबलने विचारलं नाही वारा कुठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरीवर भेटली.
हातात रॉकेलचा डबा, काखेत रेशनची पिशवी,
होडीत चढता चढता मागे वळून म्हणाली,
"पैलतीरार जातंय, पोस्तमन. साखर इलीहा म्हणतत.
तुका काय हाडू?"

मी बराच वेळ विचार केला.
तरवाल्याने बांबू वाळूत रोवला, होडी सुटली,
आठ हात पाणी मध्ये आलं.

"चायची पूड," मी ओरडलो.
"शंभर ग्राम."