टट्

कोशात दीड ओळ आहे त्याला:
टट्. उद्गार. सौम्य नापसंती दाखवणारा.
लिहिताना मध्ये एक स्वर घालतात,
बोलताना स्वर नसतोच.
जीभ टाळूला चिकटते, सुटते,
श्वास थोडा आत जातो. एवढंच.

आपल्याकडे हाच आवाज
कुणाचा तरणा मुलगा गेला की काढतात,
नाहीतर भिंतीवरची पाल काढते.
कीव, किंवा अपशकुन.
हॅलिफॅक्समध्ये मात्र
तो चिखलाच्या बुटांना उद्देशून असतो.

एनिड बॅराक्लफनं तो त्रेचाळीस वर्षं काढला.
टेबलावर टोपी ठेवली: टट्.
बसच्या रांगेत कुणी मध्येच घुसलं: टट्, पण मान न वळवता,
कारण मान वळवली की त्याचं भांडण होतं
आणि भांडणाला वेगळा शब्द आहे.
शेजारणीनं रविवारी कपडे वाळत घातले: टट् टट्
(दोनदा म्हटलं की त्यात जरा मजाही असते).
विल्फनं चहात साखरेचा तिसरा चमचा घातला
तर एकच, कोरडा,
पत्र्याच्या भांड्यात नळाचा थेंब पडावा तसा.

नोव्हेंबरात तिच्या मेंदूत गुठळी अडकली.
उजवा हात गेला. शब्द गेले:
विल्फ, मुलीचं नाव, किटली, मीठ, मंगळवार.
मी कार्डं दाखवते. मांजर. खुर्ची. छत्री.
ती बघते, ओठ जुळवते,
आणि छत्रीच्या चित्राला म्हणते, टट्.

मी वहीत लिहिलं: वाचा नाही. एक उद्गार शिल्लक.

विल्फ म्हणाला, एक कुठला, पोरी?
नीट ऐक.
पडदा सरकवायचा असला की लांबट.
लघवीला जायचं असलं की घाईचा.
दुखत असलं की आधी श्वास जातो, आवाज मागून येतो.
आणि रात्री दिवा मालवताना एक असतो,
त्याचा अर्थ मला माहीत नाही.
मी विचारत नाही.

परवा त्यांच्याकडे चहा झाला.
विल्फनं एक चमचा घातला. दुसरा घातला.
तिसरा भरला आणि कपावर तसाच धरून ठेवला,
एनिडकडे बघत.
ती खिडकीबाहेर शेजारणीची दोरी न्याहाळत होती.
चार दाणे बशीत सांडले.
त्याचा हात थरथरायला लागला, तरी तो थांबला.
मीही पेन्सिल टेकवून थांबले.

टट्.
मान न वळवता.

विल्फनं चमचा परत डब्यात ओतला
आणि झाकण लावलं.